नागपूरच्या फुटाळा तलावाजवळची नर्सरी: पान बघून झाड ओळखणारे काका

शेजारच्या काकू फेब्रुवारीत मुलाकडे पुण्याला कायमच्या गेल्या आणि जाताना एक कुंडी माझ्या हवाली केली. "जांभळा मोगरा आहे, जीव लाव गं त्याला," एवढंच म्हणाल्या. मार्चमध्ये फुलं आली आणि मी चक्रावले. एकाच फांदीवर गडद जांभळं, फिकट आणि पांढरंशुभ्र, तिन्ही! पानं मात्र दिवसेंदिवस पिवळी पडत होती. आधी एका ठिकाणी विचारलं, तर त्यांनी झाड न बघताच खताची पिशवी हातात ठेवली. झाड आणखीच मलूल झालं.

मग एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून या नर्सरीत गेले. माळीकाकांनी फुलाकडे नुसती नजर टाकली, पान तेवढं खुडून उन्हात धरलं. शिरा हिरव्यागार, मधला भाग पिवळा. "काळी माती भरली काऊन ताई? अन् पाणी बोअरचं टाकता न?" दोन्ही खरं होतं.

हे झाड ब्रुन्फेल्सिया. नर्सरीवाले त्याला 'येस्टर्डे टुडे टुमॉरो' म्हणतात, कारण फूल जांभळं उमलतं आणि दोन-तीन दिवसांत फिकं होत पांढरं पडतं. मोगऱ्याशी काही नातं नाही, कूळ वांग्या-मिरचीचं. याला आम्लधर्मी माती लागते. आपल्या काळ्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात चुना, तो आम्लपणा मारतो, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही.

काकांनी लाल माती, कोकोपीट, गांडूळखत आणि चिलेटेड आयर्नची (मुळांना सहज उचलता येईल अशा लोहाची) पुडी दिली, सगळं मिळून १८० रुपये. नवीन रोप गळ्यात मारलं नाही, हे मला फार भावलं. फुलं सरल्यावरच छाटा आणि मे महिन्यात हिरव्या नेटखाली ठेवा, असंही बजावलं. महिन्याभरात कोवळी पानं हिरवी आली. जुनी पिवळी ती पिवळीच राहिली.

एक तक्रार आहे. हे झाड विषारी आहे, फळं-बिया कुत्र्याने खाल्ल्या तर झटके येतात, हे मला आमच्या मोतीच्या डॉक्टरांकडून कळलं. नर्सरीने रोपावर तशी चिठ्ठी लावायलाच हवी.

जायचं तर सकाळी अकराच्या आत जा. दुपारी काका घरी जातात आणि गल्ल्यावरच्या मुलाला फक्त भाव माहीत आहेत. आणि फोटोपेक्षा पानांसकट फांदीच न्या.