बाल कल्याण समितीचा अनुभव : मुले नेण्यातली तत्परता आणि परत देण्यातली दिरंगाई

कोकण किनारपट्टीवरील एका जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीशी, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या समितीशी, गेल्या वर्षी आमच्या कुटुंबाचा बावन्न दिवस संबंध आला. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव नोंदवीत आहे.

माझा भाऊ मच्छीमार बोटीवर खलाशी आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपून बोटी सुटल्या, की तो आठ-आठ दिवस समुद्रात असतो आणि वहिनी पहाटेच बंदरावर लिलावाला जाते. अशा एका पहाटे नऊ वर्षांची भाची व पाच वर्षांचा भाचा घरात एकटेच असल्याचे कोणीतरी १०९८ या बालमदत क्रमांकावर कळविले आणि मुलांना नेण्यात आले. त्या पहाटेबद्दल माझी तक्रार नाही. भाच्याच्या अंगात ताप होता आणि जवळ मोठे माणूस नव्हते. कायद्याप्रमाणे चोवीस तासांच्या आत मुलांना समितीपुढे हजर केले गेले, आणि तेथील महिला सदस्याने भाचीला बाजूला बसवून, तिच्या मालवणी बोलण्यात एकदाही न अडवता, तिचे सगळे म्हणणे ऐकून घेतले.

गाडी अडली ती यानंतर. मुलांना माझ्या ताब्यात द्यावे असा अर्ज मी त्याच दिवशी दिला होता. परंतु बापाची सही नाही, या कारणाने तो बाजूला ठेवला गेला, आणि बाप तर त्या वेळी मोबाइलच्या टप्प्याबाहेर समुद्रात होता. बाल न्याय अधिनियम, २०१५ संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो आणि योग्य व्यक्तीकडे मूल सोपविण्याची मुभा देतो. तरीही भाची मुलींच्या बालगृहात आणि भाचा दुसऱ्या तालुक्यातील मुलांच्या बालगृहात, अशी ताटातूट झाली. बहिणीच्या कुशीशिवाय तो कधी झोपला नव्हता.

सामाजिक तपासणी, म्हणजे मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी, पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी असे कायदा सांगतो. आमच्या घरी अधिकारी चौतिसाव्या दिवशी आल्या. आल्यावर मात्र त्यांनी मनापासून काम केले. शेजाऱ्यांशी व शिक्षकांशी बोलल्या, आणि वहिनी बंदरावर असेल तेवढा वेळ मुले माझ्याकडे राहतील, अशी लेखी व्यवस्था त्यांनीच सुचविली. हेच पहिल्या आठवड्यात झाले असते, तर पुढचे सारे टळले असते.

सर्वांत गंभीर उणीव आदेशाच्या प्रतीची. आम्हाला निर्णय तोंडी सांगितला गेला. समितीच्या आदेशावर बाल न्यायालयात तीस दिवसांत अपील करता येते. पण हाती कागदच नसेल तर वकील अपील कशावर लिहिणार? शेवटी वहिनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेली. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो, आणि त्या वकिलांनी अर्ज करताच प्रत चार दिवसांत हाती आली.

तेव्हा ज्यांना जावे लागेल त्यांनी पहिल्याच दिवशी प्रतीसाठी लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी, आणि भावंडांना एकत्र ठेवण्याची विनंती अर्जातच नमूद करावी. समितीच्या कारभाराविषयी तक्रार असल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. आम्ही ती केली आहे. उत्तर अजून यायचे आहे.