तंतुकणिका आणि लयकारिका
सांगलीच्या तालमीत पहाटे जोर-बैठका काढणाऱ्या मल्लाच्या स्नायुपेशींत तंतुकणिका आणि लयकारिका ही दोन्ही पेशीअंगके असतात. परंतु पहिली ऊर्जा पुरवते, तर दुसरी टाकाऊ घटकांचे पचन करते. तंतुकणिकेला दुहेरी पटल असून तिच्या घड्या पडलेल्या आंतरपटलावर ऑक्सिजनच्या साहाय्याने एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू तयार होतो, आणि तिच्याजवळ स्वतःचे डीएनए व रायबोझोम असल्यामुळे ती काही प्रथिने स्वतःच बनवते. लयकारिकेजवळ यांपैकी काहीच नाही. एकपदरी पटलाच्या या पिशवीत, सुमारे ४.५ ते ५ सामू (pH) असलेल्या आम्लधर्मी द्रवात, पाचक विकरे (एन्झाइम) असतात. १९५५ मध्ये बेल्जियन शास्त्रज्ञ क्रिस्तियान द द्यूव यांनी तिचा शोध लावला. ती फुटली तर तिची विकरे पेशीलाच पचवतील, म्हणून तिला ‘आत्मघाती पिशवी’ म्हणून शिकवले जाते, ते मला अपुरे वाटते. कारण एखादी लयकारिका फुटली तरी पेशीद्रवाचा सामू सुमारे ७.२ असल्याने तिची बहुतेक विकरे तेथे निष्प्रभ ठरतात. तिचे खरे महत्त्व पुनर्वापरात आहे. निकामी झालेली तंतुकणिकाही अखेर तिच्याकडेच येते आणि त्या विघटनातून मिळालेली अमिनो आम्ले नव्या प्रथिनांसाठी वापरली जातात. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत मात्र या दोहोंपैकी एकही नसते.