रात्रीची ट्यूब आणि सकाळचं सीरम : वर्षभर वापरल्यावर

ऐन मे महिन्यात नागपुरात व्हिटॅमिन सी सीरमची नवी बाटली उघडली, तर आतला माल कोऱ्या चहासारखा तपकिरी. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, 'बॅचनुसार रंगात फरक असतो.' पैसे परत मागितले तर म्हणे सील तोडलंय, रिटर्न होणार नाही. अहो, बाटली गडद काचेची. सील तोडून थेंब हातावर घेतल्याशिवाय रंग कळणार कसा? बरेच दिवस टोलवाटोलवी झाली आणि शेवटी अर्ध्या किमतीचं कूपन देऊन त्यांनी तोंडाला पानं पुसली.

राग पैशांचा आहेच, पण त्याहून जास्त बाटलीचा आहे. या सीरमात व्हिटॅमिन सीचं शुद्ध रूप, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड असतं. ते त्वचेत शिरायचं तर पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) साडेतीनच्या खाली लागतो आणि प्रमाण 20 टक्क्यांपर्यंतच कामाचं, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे त्वचातज्ज्ञ शेल्डन पिनेल यांच्या गटाने 2001 मध्ये दाखवलं. याच गटाने 2005 मध्ये वनस्पतींत सापडणारं फेरुलिक अ‍ॅसिड घालून व्हिटॅमिन सी आणि ई टिकाऊ केलं. म्हणजे हा पदार्थ हवा, उजेड, उष्णता यांनी बिघडतो हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी बाटली कसली देतात? ड्रॉपरची! दर सकाळी झाकण उघडा, रबर दाबा, आत हवा सोडा. माझ्या बाटलीच्या गळ्याशी नारिंगी कडं साचायचं, नखांच्या कडा पिवळ्या पडायच्या आणि उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावरचे डाग तर निघालेच नाहीत. हवा आत न घेणारा पंप काही फार महाग नसतो. एवढे पैसे घेऊन तोही देता येत नाही?

रात्री लावायच्या औषधाच्या ट्यूबची गोष्ट अगदी उलटी. स्किनच्या डॉक्टरांनी आधी अ‍ॅडापलीन 0.1 टक्का दिलं, पिंपल्स आटोक्यात आल्यावर ट्रेटिनॉइन 0.025 टक्के. दोन्ही रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुळातली औषधं. ट्रेटिनॉइनला अमेरिकेत मुरुमांसाठी 1971 मध्ये मान्यता मिळाली. इतकं जुनं औषध, त्यामुळे मेडिकलमध्ये सीरमच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतं. तेही उजेडाने बिघडतं, पण धातूच्या ट्यूबमध्ये बंद असतं आणि लावायचं रात्री. चेहरा पूर्ण कोरडा करून, आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं क्रीम सगळ्या चेहऱ्याला. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ सोडायचे. सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. तरी हनुवटीची सालं निघाली, पिंपल्स उसळले, साधं पाणी लागलं तरी चुरचुरायचं. हा काळ सरतो. तिथे घाबरून सोडू नका.

आता मत कुठे बदललं ते सांगते. हिवाळ्यात गालावरचे काळपट डाग फिके होऊ लागले, तेव्हा त्याचं श्रेय मी सीरमला देत होते. महाग वस्तू, शिवाय लावल्यावर चेहरा लगेच तुकतुकीत दिसायचा. पण भांडणापायी उन्हाळा आणि अर्धा पावसाळा सीरमशिवाय गेला आणि डाग फिके व्हायचे थांबले नाहीत. डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्याही तेव्हाच मऊ झाल्या. काम करत होती ती ट्यूब आणि सनस्क्रीन. सनस्क्रीनही रंगीत, म्हणजे दिसणारा उजेड अडवणारं आयर्न ऑक्साइड हे रंगद्रव्य असलेलं घ्या. डाग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात, आणि आपल्या सावळ्या त्वचेवर जास्तच. इथे गाडीवर सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात, पण त्यावर विसंबून सनस्क्रीन टाळू नका.

नंतर पंपवालं सीरम घेतलं. रंग थोडा एकसारखा दिसतो, कपाळाला तजेला आहे. फरक आहे, पण पैशांची ओढाताण असेल तर सीरम सोडा, ट्यूब आणि सनस्क्रीन ठेवा. घेणारच असाल तर पंपाचं, लहानात लहान, ताजी तारीख बघून, आणि उन्हाळ्यात ऑनलाइन नको. सेल लागला म्हणून दोन-दोन बाटल्या भरून ठेवणं तर अजिबात नको.

पिंपल्समुळे पडलेल्या खड्ड्यांबद्दल मात्र कुणी फसू नका. डाग म्हणजे वरचा रंग, खड्डा म्हणजे आतलं कोलॅजन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) गेलेलं. गालावरचे माझे खोल खड्डे वर्षभरात जसेच्या तसे आहेत. आणि मेडिकलवाल्याकडून 'डागांची क्रीम' म्हणून परस्पर काही घेऊ नका. त्यात कित्येकदा ट्रेटिनॉइनसोबत हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं औषध) आणि स्टिरॉइड असतं. आठवड्यात चेहरा उजळतो, पण महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ आणि लाल होऊन बसते. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड बंद, डॉक्टरांना आधी सांगा.

खड्ड्यांसाठी डॉक्टरांनी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचण्याचा उपचार) सुचवलंय. खर्च विचारून आले आहे. दिवाळीनंतर ऊन उतरलं की करून घेणार.