जुन्या चेतकची ठिणगी नीट शोधणारे गॅरेज

पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (त्या संपर्कांना जळण्यापासून वाचवणारा भाग) असलेली जुनी बजाज चेतक स्कूटर पावसाळ्यानंतर किकला दाद देईना, तेव्हा ती पुण्यात नाना पेठेतल्या एका लहान गॅरेजमध्ये नेली. बहुतेक ठिकाणी थेट कार्बोरेटर उघडतात. येथील मिस्त्रींनी आधी प्लग काढून, तो प्लगकॅपला जोडून इंजिनच्या हेडला टेकवला आणि किक मारली. ठिणगी पिवळसर व क्षीण होती, त्यामुळे संशय इग्निशनवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर गेला. नव्या प्लगनेही फरक पडला नाही, तेव्हा त्यांनी पंख्याचे कव्हर काढून मॅग्नेटच्या (इंजिनसोबत फिरणाऱ्या चुंबकी चाकाच्या) खिडकीतून पॉइंट दाखवले: एकावर खड्डा, दुसऱ्यावर उंचवटा. हे बहुधा कंडेन्सर बिघडल्याचे लक्षण असते, आणि अशा वेळी नुसते पॉइंट घासून दिले तर ते लवकरच पुन्हा जळतात. त्यांनी पुलरने (खेचून काढायच्या हत्याराने) मॅग्नेट उतरवून पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदलले, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) पॉइंटमध्ये ०.४ मिलिमीटर अंतर ठेवले आणि निळी, कडक ठिणगी दाखवूनच प्लग बसवला. जुने भाग न मागता परत दिले, हे मला फार मोलाचे वाटले. शनिवारी मात्र गर्दी असते. गाडी ठेवून जाण्याच्या तयारीनेच जावे.