डॉकरमधलं ‘परमिशन डिनाइड’: बाइंड माउंट की नेम्ड व्हॉल्यूम?

लिनक्सवर नीट चालणारा प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे डॉकर प्रोग्रॅमसाठी बनवतो त्या वेगळ्या कप्प्यात, फाइल लिहिताना अडला, तर आधी बाइंड माउंटकडे बघा. त्यात बाहेरचा फोल्डर मालकीसकट आत दिसतो आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) युजरचं नाव नाही, यूआयडीचा म्हणजे युजरच्या ओळख क्रमांकाचा आकडा बघतो. फोल्डर १००० चा, आतली प्रोसेस ९९९ ची, इतरांना लिहायची मुभा नाही. मग एरर येणारच. आत-बाहेर ‘एलएस -एलएन’ (ls -ln, मालकी आकड्यांत दाखवणारी कमांड) चालवून आकडे ताडून बघा. सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) परमिशन मात्र कृपया देऊ नका, फोल्डर सगळ्यांनाच मोकळा होतो.

नेम्ड व्हॉल्यूम म्हणजे डॉकर स्वतः सांभाळतो ती नाव दिलेली साठवणीची जागा. तो रिकामा असेल तर पहिल्यांदा जोडताना इमेजमधल्या (कंटेनर ज्यावरून बनतो त्या साच्यातल्या) फोल्डरच्या फाइली आणि मालकी डॉकरच त्यात उतरवतो. डेटाबेससाठी मी तोच घेईन. रोज बदलणाऱ्या कोडला बाइंड माउंटच बरा. तिथे कंटेनर आपल्याच यूआयडीने चालवा.