दोन दिवस, तीन विधेयकं: बसवायची कशी?

भाचीच्या कॉलेजात युवा संसद आहे, इथेच सोलापुरात. ती संसदीय कार्यमंत्री. संसदेच्या सुट्टीआधी दोन दिवस उरलेत आणि पटलावर तीन विधेयकं: पुरवणी मागण्यांचं विनियोजन (म्हणजे सरकारच्या जादा खर्चाला मंजुरी), एका कायद्यातली छोटी दुरुस्ती आणि एक घटनादुरुस्ती. रात्री उशिरापर्यंत सभागृह बसवू, गिलोटिन लावू (चर्चा तोडून थेट मतदान), की समितीकडे धाडू?

उशिरा बसण्यात चर्चा पुरी होते. 2025 मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभा 2 एप्रिलला बसली. मध्यरात्र उलटल्यावर 288 विरुद्ध 232 असं मतदान झालं. अधिवेशन 4 तारखेला संपलं. पण मणिपूरच्या राष्ट्रपती राजवटीचा ठराव त्यानंतर, रात्री दोनच्या सुमारास आला. पेंगुळलेल्या सभागृहात असा विषय कोण नीट ऐकणार?

गिलोटिन पैशाच्या मागण्यांपुरतं ठीक. ठरलेली वेळ झाली की अध्यक्ष उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात. 14 मार्च 2018 ला मात्र गोंधळात वित्त विधेयकही चर्चेविना मंजूर झालं, आणि अधिवेशन तर 6 एप्रिलपर्यंत होतं. घाईचं कारण मला तरी पटलं नाही.

समितीचं उदाहरण एकत्रित निवडणुकांच्या घटनादुरुस्तीचं. 17 डिसेंबर 2024 ला मांडली, 20 ला, म्हणजे शेवटच्या दिवशी, 39 जणांच्या संयुक्त समितीकडे गेली.

खरी मेख मात्र आधीच विचारायला हवी: ही नुसती सुट्टी आहे, की लोकसभाच विसर्जित होणार आहे? अधिवेशन संपल्यानं विधेयक मरत नाही, कलम 107 तसं सांगतं. लोकसभा विसर्जित झाली की तिच्याकडे पडून असलेलं विधेयक गेलं. 15 व्या लोकसभेच्या शेवटच्या आठवड्यात गृहमंत्री होते आपले सुशीलकुमार शिंदे. तेलंगणचं विधेयक 18 फेब्रुवारी 2014 ला लोकसभेत आवाजी मतदानानं, 20 ला राज्यसभेत मंजूर झालं. 21 ला शेवटची बैठक. 18 ला ऐन वेळी टीव्हीवरचं प्रक्षेपणच बंद पडलं. सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी घरांचे सोयरे तिकडचे, तेलंगणातले, त्यांचा जीव टांगणीला. महिला आरक्षण विधेयक मात्र 2010 मध्ये राज्यसभेत मंजूर होऊनही त्याच लोकसभेबरोबर बुडालं.

दुसरी सभा विसरलीस तर लोकपाल विधेयकासारखं होईल. लोकसभेनं 27 डिसेंबर 2011 ला मंजूर केलं, 29 ला राज्यसभा मध्यरात्री मतदानाविनाच तहकूब. पुढे मंजुरीला 2013 चा डिसेंबर उजाडला.

म्हणून भाचीला सांगितलं: विनियोजन पहिल्या दिवशी सकाळी, ते धन विधेयक, राज्यसभा अडवू शकत नाही. छोटी दुरुस्ती त्याच दिवशी संपव, गरज पडली तर रात्री बसून, म्हणजे राज्यसभेला दुसरा दिवस पूर्ण मिळेल. घटनादुरुस्ती समितीकडे. तिला हजर राहून मत देणाऱ्या सदस्यांचं दोन तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. रात्री एवढी माणसं धरून आणणार कोण?

तिचा लगेच प्रश्न, "मामा, लोकसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, 55 ना? आम्ही तर वर्गात तीसच आहोत."