आठ महिने डोक्यावर: जंगलात साप-पाली शोधायला घेतलेली हेडबॅटरी

मागच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात ही बॅटरी घेतली. चार्जिंगची, १८६५० नावाच्या लिथियम सेलची, खोक्यावर १००० ल्युमेन (उजेडाचं माप) आणि 'आयपी ६८' (म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही) लिहिलेलं, किंमत २७०० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एका नगावरून कुणाला नावं ठेवणं बरोबर नाही.

मी सोलापूरची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता आंबोलीच्या जंगलात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासात मदतनीस आहे. आमच्याकडे वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस झाला तरी साल बरं गेलं म्हणतात. आंबोलीत ७००० च्या आसपास पडतो. घरून नेलेली सोलापुरी चादर धुतली, ती आठवडाभर वाळली नाही. अशा हवेत बॅटरी कशी टिकते, ते दुकानात उजेड पाडून कळत नाही.

काम रात्रीचं. आठला निघायचं आणि ओढ्याकाठच्या ठरलेल्या पट्ट्यावरून प्रत्येक पान, फांदी, खोडाची साल बघत पुढे सरकायचं. प्राणी दिसला की जात, वेळ, जमिनीपासूनची उंची, हवेचं तापमान, आर्द्रता, सगळं शिसपेन्सिलीनं लिहायचं, शाई पावसात पसरते. कित्येक रात्री चार-पाच तासांत एकही साप दिसत नाही. तेही लिहायचं, कारण 'दिसला नाही' ही पण नोंदच असते.

उजेड कपाळावर का हवा, हे मला तिथंच समजलं. बेडकाच्या, कोळ्याच्या डोळ्यांवर पडलेला झोत आला त्याच वाटेनं परत फिरतो. बॅटरी आपल्या डोळ्यांजवळ असली तरच ती चमक दिसते. पहिले काही दिवस कोळ्यांनी फार फसवलं. सगळी जमीन निळसर ठिपक्यांनी लुकलुकत असते. सापाचं तसं नाही. तो आकारावरून शोधावा लागतो. हरणटोळ दिवसाचा साप, रात्री फांदीच्या टोकाला वेटोळं करून झोपतो आणि उजेडात पानांपेक्षा फिकट दिसतो. मलबारी चापडा हा विषारी साप हिरवा, तपकिरी, पिवळा, कसाही असतो आणि तासन् तास एका जागी दबा धरून बसतो. जुलैत चढावर आधाराला एका मुळीकडे हात नेत होते. उजेड आधी गेला, म्हणून मुळीवरची दुसरी 'मुळी' दिसली. तपकिरी चापडा होता. चार पावलं मागे आले, नोंद केली, बाजूनं वाट काढली. आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनतं, चापडा त्यात नाही. म्हणून उजेड माझ्यासाठी बुटांइतकाच महत्त्वाचा आहे.

(घरी सगळ्यांचा पहिला प्रश्न नागराजाचा, म्हणजे किंग कोब्राचा. २०२४ मध्ये पश्चिम घाटातला नागराज वेगळी जात ठरला, ओफिओफॅगस कालिंगा. मी तो अजून पाहिलेला नाही. माझ्या वहीत पालीच जास्त आहेत, आणि त्यांच्यावर माझा जीव आहे.)

आता बॅटरीबद्दल. १००० ल्युमेनला भुलू नका. तेवढा उजेड काही मिनिटंच राहतो, मग बॅटरी तापते आणि आपोआप मंद होते. मी बहुतेक वेळ १५० वरच चालते. सेल आठ-नऊ तास जातो, एक जादा सेल खिशात असतो. धुक्यात मात्र कपाळावरचा कुठलाच उजेड चालत नाही, डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. ही बॅटरी पट्ट्यातून चटकन सुटते, मग ती कमरेजवळ धरायची, वाट दिसते. या एका सोयीसाठी मी हीच पुन्हा घेईन. लाल उजेडही कामाचा आहे. नोंदी लिहिताना चेहऱ्यावर किडे कमी येतात.

तक्रारी दोन. पट्ट्याला महिन्याभरात बुरशी धरली, आणि ओल्या कापडाखाली जळू लपते ती वेगळीच. दुसरी तक्रार मोठी. सप्टेंबरात चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण सैल झालं आणि काचेच्या आत बाष्प धरलं. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर पाण्यानं झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही म्हणाले. खोक्यावर 'आयपी ६८' छापून असं सांगणं मला पटलेलं नाही. तेव्हापासून जंगलात जाताना झाकणावर चिकटपट्टी लावते आणि परतल्यावर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात ठेवते. आतली ओल गेली, पुन्हा आली नाही.

पावसाळा सरल्यावर बॅटरी सोलापूरला आणली. गावाकडं काकांच्या शेतात थ्री-फेज लाईट बऱ्याचदा रात्रीच येते, त्यामुळे उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, मध्यरात्री जावं लागतं. एका हातात खोरं, दुसऱ्यात मोबाईलचा उजेड, असं चाललेलं. डिसेंबरात मी ही त्यांच्या डोक्यावर बांधली. तिसऱ्या रात्री बांधावर घोणस दिसली, पाच-सहा फुटांवर. काका थांबले, ती उसात शिरेपर्यंत उभे राहिले, मग दुसऱ्या बाजूनं जाऊन दारं मोडलं. सकाळी चहा पिताना म्हणाले, "पोरी, ही तू ने रानात. मला अशीच एक आणून दे."

आणली. झाकणावरच्या चिकटपट्टीसकट.